पाच वर्षं फायलीत पडून राहिलेला बदल : एका क्वेसारचा प्रकरण अभ्यास

नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अपाची पॉइंट वेधशाळेच्या अडीच मीटर दुर्बिणीनं एका अंधुक ठिपक्याचा वर्णपट घेतला. ठिपका मीन आणि तिमिंगल या तारकासमूहांच्या हद्दीजवळचा. वर्णपटात हायड्रोजनच्या रुंद, पसरट रेघा होत्या आणि निळ्या बाजूला प्रकाश चढत गेला होता. म्हणजे क्वेसार, दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा. नोंद झाली, विषय संपला. जानेवारी २०१० मध्ये त्याच दुर्बिणीनं, पण सुधारलेल्या वर्णपटमापकानं, त्याच ठिपक्याचा वर्णपट पुन्हा घेतला. या वेळी हायड्रोजनच्या रेघांपैकी एच-बीटाची रुंद रेघ जागेवर नव्हती. निळा चढही उतरला होता. समोर होती ती जवळपास साधी दीर्घिका.

हा दुसरा वर्णपट २०१२ पासून जगातल्या कुणालाही फुकट उतरवून घेता येत होता. तरी त्यातला बदल लोकांसमोर आला तो डिसेंबर २०१४ मध्ये, स्टेफनी लामासा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या शोधनिबंधातून. तोही वर्णपटांची एकमेकांशी तुलना करणाऱ्या कुठल्या यंत्रणेमुळे नव्हे. आकाशाच्या त्या पट्ट्याची एक्स-किरणांमध्ये पाहणी सुरू होती, त्या कामाच्या ओघात हा ठिपका हाती लागला. त्याचं नाव एसडीएसएस जे०१५९+००३३; एसडीएसएस म्हणजे अपाची पॉइंटच्या त्या दुर्बिणीनं चालवलेलं स्लोन आकाश-सर्वेक्षण. ज्याचं रूपच पालटलं असा सापडलेला हा पहिला क्वेसार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यासारख्या गावात भौतिकशास्त्राच्या पदवीच्या वर्गाला हे प्रकरण का द्यावं, असं कुणी विचारेल. आमच्याकडे मोठी दुर्बीण नाही आणि येणारही नाही. पण या प्रकरणात दुर्बीण कमी पडलीच नव्हती. दोन्ही फायली शाबूत होत्या, त्या शेजारी ठेवून पाहणारं कुणी नव्हतं. ते काम दारव्ह्यात बसून होतं.

वर्गापुढे ठेवलेला प्रश्न असा : समजा, २०१० चा हा वर्णपट आज सकाळी हाती आला आहे. न्यू मेक्सिकोत हिवाळ्यात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेनऊ झालेले असतात. संध्याकाळी लडाखमधल्या हानले इथल्या दोन मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीवर अंधार पडेल. जानेवारीत त्या वेळी आकाशाचा हा भाग दक्षिणेला चांगला उंच असतो. तर पाच वाजेपर्यंत ठरवायचं : हाक द्यायची (म्हणजे दुसऱ्या दुर्बिणीला हा ठिपका लगेच पाहायला सांगायचं), थांबायचं, की सोडून द्यायचं? हाक दिली आणि बदल खोटा निघाला तर दुसऱ्या कुणाची निरीक्षणाची रात्र वाया जाते. दिली नाही आणि खरा निघाला तर काय होतं, ते या ठिपक्यानं दाखवलंच आहे.

ठिपक्याविषयी थोडं

क्वेसार म्हणजे दीर्घिकेच्या गाभ्यातलं महाकाय कृष्णविवर, त्याभोवती फिरणारी तापलेल्या वायूची तबकडी आणि तिच्या उजेडात चमकणारे वायूचे ढग. तबकडीजवळचे ढग सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं फिरतात. त्यामुळे त्यांच्या रेघा डॉप्लर परिणामानं दोन्ही बाजूंना पसरतात, म्हणून रुंद. हे ढग गाभ्यापासून काही प्रकाश-आठवडे ते काही प्रकाश-महिने अंतरावर असतात. लांबचे ढग शेकडो-हजारो प्रकाशवर्षं पसरलेले असतात. ते सावकाश फिरतात, म्हणून त्यांच्या रेघा अरुंद. रुंद आणि अरुंद रेघांचा हा फरक पक्का डोक्यात ठेवावा, पुढचा सगळा निवाडा त्यावरच झाला.

या ठिपक्याची ताम्रसृती, म्हणजे प्रकाश लाल बाजूला किती सरकला त्याचं माप, सुमारे ०.३१ आहे. आज दिसतो तो प्रकाश तिथून साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी निघाला. रेघाही त्याच प्रमाणात लाल बाजूला सरकतात. एच-बीटा मूळ ४८६३ आंगस्ट्रॉम तरंगलांबीला, ती इथे ६३८० च्या आसपास सापडते. दुहेरी आयनित ऑक्सिजनची ठळक रेघ ५००८ वरून ६५७१ च्या जवळ जाते आणि एच-अल्फा ८६१३ च्या जवळ.

जाता जाता : पाठ्यपुस्तकात ऑक्सिजनची हीच रेघ ५००७ ला आणि एच-बीटा ४८६१ ला दिलेली असते. ते आकडे हवेतले. स्लोन सर्वेक्षणाच्या फायलींमध्ये तरंगलांबी निर्वातातली असते. फरक दीड आंगस्ट्रॉमचासुद्धा नाही, पण त्या फायलींमध्ये एक पिक्सेल वेगाच्या हिशेबात सेकंदाला ६९ किलोमीटरचा, म्हणजे इथे जवळपास तेवढाच, असल्यामुळे साधारण एका पिक्सेलची चूक शिरते. वर्गात या एका पिक्सेलवर बरीच वादावादी झाली.

सकाळचा वर्णपट

आधी फक्त २०१० चा वर्णपट दिला. जुना आहे की नाही, हेही सांगितलं नाही. मुलांनी शिस्तीत काम केलं. कॅल्शियमच्या दोन शोषण रेघा ५१६० आणि ५२०५ च्या आसपास सापडल्या, त्यांच्या लाल बाजूला दीर्घिकांच्या वर्णपटात असते ती पायरी दिसली. ऑक्सिजनच्या अरुंद रेघांवरून ताम्रसृती निघाली. गाभ्यात थोडीफार हालचाल असलेली दीर्घिका, असा शेरा मारून मंडळी मोकळी झाली. हाक द्यायची का? कशासाठी? विचित्र असं काही त्यात नव्हतंच.

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. प्रतिमा घेणाऱ्या सर्वेक्षणांत, उदाहरणार्थ कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या झेडटीएफमध्ये, नवी प्रतिमा आली की तिच्यातून जुनी संदर्भ-प्रतिमा वजा करतात. उरेल तो बदल, आणि त्याची सूचना काही मिनिटांत बाहेर पडते. चिलीतल्या रुबिन वेधशाळेचं उद्दिष्ट तर प्रतिमा घेतल्यापासून मिनिटाभरात सूचना देण्याचं आहे. वर्णपटांच्या सर्वेक्षणाची घडण वेगळी आहे. तिथे बहुतेक वस्तूंचा वर्णपट आयुष्यात एकदाच घेतला जातो, कारण मुख्य हेतू असतो लाखो दीर्घिकांची अंतरं मोजण्याचा. संगणक प्रत्येक वर्णपट ठरावीक नमुन्यांशी ताडून पाहतो : तारा, दीर्घिका की क्वेसार, आणि ताम्रसृती किती. हीच वस्तू पूर्वी कशी होती, हे त्या पायरीवर कुणी विचारतच नाही. २०१० च्या त्या वर्णपटात संगणकाचं काहीच चुकलं नव्हतं. आमच्या वर्गाचंही नाही.

इथे लाडबोरीची आठवण निघणं साहजिक होतं. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी अख्ख्या विदर्भानं आभाळात जळत जाणारे पट्टे पाहिले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. त्या रात्री उल्कापातापासून क्षेपणास्त्रापर्यंत सगळं बोलून झालं. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत हे लवकर सांगू शकले ते लोक, ज्यांच्याकडे कुठली वस्तू कुठल्या कक्षेत आहे आणि कधी खाली येणार याची यादी आधीपासून होती. व्हिडिओ तर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये होता.

दुसरी फाइल

मुलांनी मागितल्यावर २००० चा वर्णपट दिला. दोन्ही आलेख एकावर एक चढवले तेव्हा वर्गात आधी शांतता आणि मग गलका. मागच्या बाकावरून पहिलं मत आलं, "सर, हा तं दुसराच ठिपका पायला वाटते त्याईनं." म्हणजे फायबर चुकीच्या जागी बसला असणार.

शंका रास्त होती. त्या काळी या दुर्बिणीच्या नाभीय प्रतलात, म्हणजे प्रतिमा पडते त्या जागी, अॅल्युमिनियमची थाळी बसवत. प्रत्येक वस्तूच्या जागी तिला भोक पाडलेलं असे आणि त्या भोकात माणसं हातानं ऑप्टिकल फायबर खोचत. आधीच्या यंत्राला एका वेळी ६४० फायबर, सुधारलेल्या यंत्राला १०००. फायबर नीट बसला नाही, भोक किंचित सरकलं किंवा वातावरणानं प्रकाश वाकवला, तर वस्तूचा प्रकाश कमी पोचतो. आणि वातावरण सगळे रंग सारखे वाकवत नाही, निळा जास्त वाकवतो. नुसतं फायबर हलल्यामुळेही निळा चढ गायब होऊ शकतो.

याच्या उलटही होतं, आणि ते याच सर्वेक्षणात झालेलं आहे. २००९ नंतरच्या टप्प्यात दूरच्या क्वेसारांसाठीचे फायबर ४००० आंगस्ट्रॉमच्या निळ्या प्रकाशाला सोयीचे पडतील अशा जागी मुद्दाम बसवले होते, तर तुलनेसाठीचे प्रमाण तारे मात्र ५४०० आंगस्ट्रॉमच्या हिशेबानं. त्यामुळे त्या क्वेसारांचे वर्णपट आहेत त्याहून निळे दिसत. नंतर त्यासाठी दुरुस्तीचे गुणक काढावे लागले. ज्याला ही गोष्ट माहीत नाही, तो असा वर्णपट जुन्याशेजारी ठेवून क्वेसार भडकला म्हणून हाक देईल.

घरी कापसाची शेती असलेली एक विद्यार्थिनी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "मीटरच गंडलं असंन तं कापसाले कायले दोष देता?" सगळे हसले, कारण खरेदी केंद्रावरचा प्रसंग प्रत्येकाच्या घरात घडलेला. हमीभावाच्या खरेदीत कापसाचा ओलावा ८ ते १२ टक्क्यांत लागतो. मीटरनं त्याच्या वर दाखवलं की गाडी परत, आणि कापूस ओला की मीटर खोटं हा वाद तिथेच सुरू. मी विचारलं, "मग तुझे बाबा काय करतात?" तिनं सांगितलं : ज्या कापसाचा ओलावा आधीच माहीत आहे, त्याची मूठभर त्याच मीटरमध्ये घालायला लावतात. तो बरोबर दाखवला तर मग आपलाच ओला.

तर आता या वर्णपटात ओलावा माहीत असलेली ती मूठ कुठली?

ऑक्सिजनची साक्ष

उत्तर फळ्यावर आधीच लिहिलेलं होतं. ऑक्सिजनची अरुंद रेघ ज्या वायूतून येते तो शेकडो-हजारो प्रकाशवर्षं पसरलेला आहे. गाभ्यातला दिवा आज विझला तरी ही बातमी त्या सगळ्या वायूपर्यंत पोचायला शतकं लागतील. दहा वर्षांत ती रेघ ढिम्म हलू नये. म्हणून दोन्ही वर्णपटांत आधी ती मोजायची.

२०१० मध्ये ऑक्सिजनही बाकीच्याइतक्याच प्रमाणात खाली आला असेल, तर दोष फायबरचा किंवा अंशांकनाचा (कॅलिब्रेशनचा), हाक रद्द. ऑक्सिजन जागेवर आणि एच-बीटाचा रुंद पाया तेवढा गेला असेल, तर बदल वस्तूतला.

हे मोजायला एक तास लागला, तो असा. ६५७१ च्या दोन्ही बाजूंना रेघविरहित तुकडे निवडायचे, त्यांतून सरळ रेषा काढायची, ती वजा करायची आणि उरलेल्या शिखराखालचं क्षेत्रफळ काढायचं. सोपं वाटतं, पण एच-बीटा तिथून फक्त १९० आंगस्ट्रॉम डावीकडे आहे. रुंद एच-बीटाची रुंदी सेकंदाला ४००० किलोमीटर धरली तर ६३८० ला ती ८५ आंगस्ट्रॉम भरते आणि तिचे पंख त्याहून लांब जातात. २००० च्या वर्णपटात डावीकडचा तुकडा निष्काळजीपणे निवडला तर तो त्या पंखावरच पडतो. एका गटाचा तसाच पडला. त्यांचा ऑक्सिजन २००० मध्ये कमी निघाला आणि काही वेळ वस्तू नक्की कुठल्या दिशेनं बदलली, यावरच वाद झाला. तुकडा बदलून पुन्हा मोजल्यावर ऑक्सिजन दोन्ही वर्षी मापनाच्या त्रुटीच्या आत सारखा आला.

एच-बीटाचा रुंद पाया २०१० मध्ये नव्हता. एच-अल्फाचा मात्र थोडा उरला होता. हा अर्धवटपणा महत्त्वाचा आहे. रुंद एच-अल्फा दिसते पण रुंद एच-बीटा दिसत नाही, अशा गाभ्याला १.९ प्रकार म्हणतात. म्हणून निबंधात हे संक्रमण प्रकार १ (सगळ्या रुंद रेघा दिसणारा) मधून प्रकार १.९ मध्ये असं नोंदलेलं आहे. ८६१३ च्या आसपास आपल्याच वातावरणातल्या हायड्रॉक्सिल रेणूंच्या उजेडाची गर्दी असते. ती नीट वजा झाली नाही तर खोटे उंचवटे राहतात. म्हणून एच-अल्फाच्या एकट्या जिवावर हाक देऊ नये असं वर्गानं ठरवलं, आणि ते मला पटलं.

साडेतीनच्या सुमारास निर्णय झाला : हाक द्यायची. पण हानलेकडे मागायचं काय, यावर मतं फुटली. वर्णपट पुन्हा घ्या, असं बहुतेकांचं म्हणणं. वस्तू विसाव्या प्रतीच्या आसपासची आहे (प्रत हे तेजस्वितेचं माप, आकडा मोठा तितकी वस्तू मंद). दोन मीटरच्या आरशाला तिचा चांगला वर्णपट जड जातो. प्रतिमा मात्र सहज मिळते. स्लोनच्या जुन्या प्रतिमांमध्ये हा पट्टा अनेकदा टिपलेला आहे. आजच्या प्रतिमेत ठिपका तितकाच मंद झालेला दिसला, तर फायबरचा प्रश्नच मिटतो, कारण प्रतिमेला फायबर नसतो. हा सल्ला एका मुलानं दिला, आणि वर्ग दोन मिनिटांत त्याच्या बाजूला गेला. आज हाच प्रसंग आला तर नैनितालजवळच्या देवस्थळची ३.६ मीटरची दुर्बीण वर्णपटासाठी जास्त योग्य, ती २०१६ पासून आहे.

धूळ आडवी आली, की खाद्य संपलं

बदल खरा ठरला तरी कारण उरतंच. दोन सरळ शक्यता. एक, धुळीचा मोठा ढग गाभ्यासमोर आला आणि आतला भाग झाकला गेला. दोन, तबकडीत पडणारा वायू आटला आणि दिवाच मंदावला.

लामासा आणि सहकाऱ्यांनी जुलै २०१४ मध्ये पालोमारच्या पाच मीटर दुर्बिणीनं तिसरा वर्णपट घेतला. तो २०१० सारखाच होता. गाभ्याचा प्रकाश २००० ते २०१० मध्ये सहापट घटल्याचं त्यांनी काढलं. योगायोगानं एक्स-किरण दुर्बिणींनी ही वस्तू उजळ आणि मंद अशा दोन्ही अवस्थांत टिपली होती. एक्स-किरणही जवळपास तितकेच घटले होते, पण मध्ये काही आडवं आल्याची खूण त्यात नव्हती. धुळीचा आणि वायूचा पडदा असता तर कमी ऊर्जेचे एक्स-किरण जास्त अडले असते आणि वर्णपटाचा आकार बदलला असता. उरलेली एच-अल्फा मंद होताना रुंदावलीही होती. दिवा मंद झाला की फक्त जवळचे, वेगानं फिरणारे ढगच उजळ राहतात, हे त्याच्याशी जुळतं. पडद्यानं हे जमत नाही.

मग खाद्य संपलं म्हणावं, तर तिथे वेगळीच अडचण. इतक्या मोठ्या कृष्णविवराभोवतीच्या तबकडीत वायू चिकटपणामुळे आत सरकतो, आणि पाठ्यपुस्तकी हिशेबानं त्याला हजारो वर्षं लागावीत. दहा वर्षांत दिवा सहापट मंद होणं त्या हिशेबात बसत नाही. आंद्रेआ मेर्लोनी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये वेगळी बाजू मांडली : हा कायमचा क्वेसार नव्हताच, कृष्णविवराच्या फार जवळ गेलेला एखादा तारा फाटून त्याचा भडका २००० च्या सुमारास दिसला आणि नंतर ओसरला. अशा भडक्याचा प्रकाश काळाच्या उणे पाच-तृतीयांश घातानं उतरावा, आणि जुन्या प्रतिमांमधून काढलेली उतरती कमान तशी लागते असं त्यांनी दाखवलं.

वर्गात या दोन मतांवर मतदान घ्यावं असा आग्रह झाला. मी घेतलं नाही. मतदानानं सुटेल असा हा प्रश्न नाही, आणि सुटायला जे हवं होतं ते हाती नव्हतं : २००१ ते २००९ मधले वर्णपट. बदल होत असतानाच कळला असता तर ते मिळाले असते. उशिराची खरी किंमत ही. बदल झाला एवढं समजलं, कसा झाला ते निसटलं.

वेळेवर कळलं तेव्हा

तुलनेसाठी १ईएस १९२७+६५४ ही जवळची दीर्घिका घ्या, ताम्रसृती ०.०१९. तिच्यात रुंद रेघा नव्हत्या. २०१७ च्या शेवटी तिचा गाभा उजळू लागला आणि मार्च २०१८ मध्ये आकाशावर रोज नजर ठेवणाऱ्या असासन या छोट्या दुर्बिणींच्या जाळ्यानं ते टिपलं. बेनी ट्राख्टेनब्रॉट आणि सहकाऱ्यांनी लगेच वर्णपटांची रांग लावली. आधी फक्त निळा प्रकाश आणि मग एक ते तीन महिन्यांत हायड्रोजनच्या रुंद रेघा उमलताना त्यांना प्रत्यक्ष मिळाल्या. उजेड आधी आणि रेघा नंतर, म्हणजे दिवा पेटला आणि त्याचा प्रकाश रुंद रेघांच्या ढगांवर पोचायला तेवढा वेळ लागला. पडदा दूर झाला असता तर दोन्ही एकदम दिसले असते. पुढे त्याच वस्तूत एक्स-किरण जवळपास नाहीसे होऊन पुन्हा उसळले, तेही मोजलं गेलं. जे०१५९ मध्ये दहा वर्षांच्या दोन टोकांवरून जो तर्क लढवावा लागला, तो इथे काही महिन्यांत डोळ्यांसमोर उलगडला.

फरक एवढाच होता की इथे आधी प्रतिमेनं हाक दिली. वर्णपट सर्वेक्षणाला स्वतःहून हाक देता येईल का, हा आजचा प्रश्न आहे.

किट पीकची रात्र, आपली सकाळ

आता साधनं आहेत. अॅरिझोनातल्या किट पीकवरच्या चार मीटरच्या मेयॉल दुर्बिणीवर डेसी नावाचं यंत्र बसलं आहे. पाच हजार फायबर, प्रत्येकाला छोटा रोबो, नवी मांडणी करायला काही मिनिटं पुरतात. हातानं फायबर खोचण्याचे दिवस संपले. मे २०२१ पासून त्याचं मुख्य सर्वेक्षण सुरू आहे. पहिला मोठा डेटा संच मार्च २०२५ मध्ये खुला झाला. त्यात १ कोटी ८७ लाखांच्या आसपास वस्तू आहेत. त्यांतल्या पुष्कळ वस्तूंचा वर्णपट स्लोननं दहा-वीस वर्षांपूर्वी घेतलेला आहे. म्हणजे दुसरी फाइल आधीच कपाटात आहे. रात्रीचे वर्णपट सकाळपर्यंत संगणकातून बाहेर पडतात, त्यामुळे तत्त्वतः त्याच दिवशी हाक देणं जमू शकतं. खुल्या संचावर आपण करतो तो सराव असतो, ताजी रात्र फक्त त्या गटाला दिसते. पण हाक कधी द्यायची याचे नियम बनवायला सराव पुरतो.

नियम बनवताना वर्गाला जे सापडलं ते मला निबंधांइतकंच मोलाचं वाटलं. स्लोनच्या पहिल्या यंत्राच्या फायबरचा व्यास आकाशात ३ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) भरत असे, सुधारलेल्याचा २, डेसीचा सुमारे १.५. क्षेत्रफळ चौपट कमी झालं. गाभा हा बिंदू आहे, त्याचा बराचसा प्रकाश लहान फायबरमध्येही मावतो. दीर्घिकेचे तारे मात्र पसरलेले असतात, त्यांचा वाटा घटतो. मग जुन्या वर्णपटात ताऱ्यांच्या उजेडात बुडालेली फिकट रुंद रेघ नव्या वर्णपटात वर येते, आणि वाटतं की गाभा नुकताच पेटला. पेटलं काहीच नसतं. जवळच्या दीर्घिकांत तर ऑक्सिजनचा वायूही फायबरबाहेर सांडतो. म्हणजे आपली मूठभर साक्षच ओलसर निघते.

२०१६ मध्ये चेल्सी मॅक्लाउड आणि सहकाऱ्यांनी स्लोनच्या संग्रहातून रूप पालटलेले दहा क्वेसार काढले, तेव्हा त्यांनी नुसत्या वर्णपटावर भिस्त ठेवली नव्हती. ज्यांची तेजस्विता प्रतिमांमध्येही एका प्रतीहून जास्त बदलली, त्यांच्यातूनच ते निवडले होते. त्यांनी अशी दुहेरी अट का ठेवली असेल, हे मुलांना न शिकवता कळलं.

संगणकाच्या शेऱ्यावर भरवसा ठेवून "आधी क्वेसार, आता दीर्घिका" अशा जोड्या काढण्याचा सोपा मार्गही आम्ही करून पाहिला. त्यात कचरा फार येतो. वर्णपटात गोंगाट जास्त असला की एकाच वस्तूला दोन रात्री दोन शेरे मिळतात. उलट, रुंद रेघ अर्धी उतरली तरी शेरा क्वेसारच राहतो आणि असे अर्धवट बदल हातचे जातात. एच-बीटाच्या रुंद भागाचं ऑक्सिजनशी गुणोत्तर काढून जुन्या आणि नव्या गुणोत्तरांची तुलना करणं जास्त कष्टाचं, पण त्यातून निघालेल्या नावांवर विश्वास ठेवता येतो.

ज्या शिक्षकांना हे प्रकरण वर्गात घ्यायचं आहे त्यांच्यासाठी : दोन्ही वर्णपट स्लोनच्या संकेतस्थळावर वस्तूच्या नावानं किंवा निर्देशांकांनी सापडतात. फायली लहान आहेत, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरतात. पायथन आणि त्यातलं खगोलशास्त्राचं मोफत सॉफ्टवेअर अॅस्ट्रोपाय एवढं पुरतं, आणि संगणक बंद असेल तर आलेखाचा प्रिंट आणि पट्टीनंही निम्मं काम होतं. जुनी फाइल मुलांनी मागितल्याशिवाय देऊ नका.

विद्यार्थ्यांच्या सध्याच्या गटानं ०.१ पेक्षा कमी ताम्रसृतीच्या दीर्घिका आपल्या यादीतून सरसकट काढल्या होत्या, फायबरच्या व्यासाचा घोळ टाळायला. मग त्यांच्यातल्याच एकानं दाखवलं की या नियमानं १ईएस १९२७+६५४ सारखी दीर्घिकासुद्धा बाहेर जाते. आता जवळच्या दीर्घिकांसाठी वेगळा नियम लिहिला आहे : त्यांच्या बाबतीत वर्णपटावरून हाक द्यायचीच नाही, झेडटीएफच्या खुल्या मोजमापांत त्याच काळात गाभा उजळलेला किंवा मंदावलेला दिसला तरच. दूरच्यांसाठी ऑक्सिजनचा नियम आहे तसाच ठेवला आहे.